शांततेची किंमत कोणी मोजली?

दरवर्षी ऑक्टोबरात ओस्लोहून शांततेच्या नोबेल पुरस्काराची घोषणा होते आणि आपल्याकडे दोन-चार दिवस वाद रंगतो: योग्य माणसाला मिळाला की नाही? हा वाद नावांवर होतो, निकषांवर क्वचितच. आल्फ्रेड नोबेलने 1895 च्या मृत्युपत्रात तीन कामे सांगितली होती: राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवणे, खडी सैन्ये घटवणे आणि शांतता परिषदा भरवणे. तेव्हा युद्ध म्हणजे एका देशाच्या फौजेने दुसऱ्या देशाच्या फौजेशी लढणे. आजची बरीच युद्धे एकाच देशात, एकाच गावात, समोरासमोरच्या गल्ल्यांत चालतात. तिथे शांतता कोणी आणली हे ठरवायला मृत्युपत्र अपुरे पडते, आणि म्हणून हा प्रश्न आपल्याला स्वतःच सोडवावा लागतो.

माझी मोठी बहीण अनेक वर्षे एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. या प्रश्नावर आमचे मुळातच पटत नाही. वाद हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच जागा धरली: उत्तर आयर्लंड. तिथला झगडा जवळपास 30 वर्षे चालला. आयर्लंडशी एकत्र यावे असे म्हणणारे कॅथलिक राष्ट्रवादी एका बाजूला, ब्रिटनमध्येच राहू असे म्हणणारे प्रॉटेस्टंट दुसऱ्या बाजूला. 15-16 लाखांच्या वस्तीत सुमारे 3,500 माणसे मारली गेली. या एकाच झगड्यासाठी शांततेचा नोबेल दोनदा दिला गेला. 1976 चा दोन साध्या बायकांना, 1998 चा दोन पक्षनेत्यांना. पुरस्कार समितीने एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली. त्यातले बरोबर कोणते?

ताई : माझं उत्तर 1976 चं आहे. 10 ऑगस्टचा दिवस. बेलफास्टमध्ये आयआरए या राष्ट्रवाद्यांच्या सशस्त्र संघटनेचा एक तरुण गाडी घेऊन पळत होता. ब्रिटिश सैनिकांनी गोळी घातली, तो गेला, आणि बेफाम गाडी पादचाऱ्यांवर चढली. एक आई मुलांना घेऊन चालली होती. तिची तीन मुलं गेली, त्यातलं धाकटं सहा आठवड्यांचं होतं. बेटी विल्यम्स त्याच भागात राहणारी, नोकरी करणारी बाई. तिनं ते पाहिलं आणि दारोदार जाऊन सह्या गोळा करायला लागली. दोन दिवसांत 6,000 सह्या झाल्या. त्या मुलांची मावशी, मेरीड कॉरिगन, तिला येऊन मिळाली. मग हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. कॅथलिक बायका प्रॉटेस्टंट वस्तीतल्या शँकिल रोडवर गेल्या, जिथं त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि प्रॉटेस्टंट बायकांनी त्यांना जवळ घेतलं. या बायकांकडं पक्ष नव्हता, बंदूक नव्हती, त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. शांततेचा पुरस्कार आणखी कुणाला द्यायचा?

मी : त्यांच्या धैर्याबद्दल वाद नाही. पण ताई, लढाई त्यानंतर आणखी 22 वर्षं चालली.

ताई : 1976 मध्ये तिथं सुमारे 300 माणसं मारली गेली. 1977 मध्ये निम्म्याहून कमी. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी वाचलं, त्या घराला तू सांगशील का की चळवळ फसली?

मी : फसली असं मी म्हणत नाही. त्या घटीला इतरही कारणं होती, अटका झाल्या, आयआरएची घडी बदलली, पण चळवळीचा वाटा मी नाकारणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या बायका म्हणाल्या, थांबा. थांबल्यावर काय? राज्य कोण करणार? पोलीस कुणाचे? तुरुंगातल्या शेकडो कैद्यांचं काय? सीमेचं काय? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चळवळीकडं नव्हतं. म्हणून पहिला जोर ओसरला, पुढं नेत्यांत भांडणं झाली आणि 1980 मध्ये बेटी विल्यम्स बाहेर पडल्या.

ताई : उत्तर त्यांच्याकडं कशाला मागतोस? ज्यांनी आयुष्यभर राजकारण केलं, त्यांच्याकडं माग. आमच्या केंद्रात नवरे येतात. पुन्हा हात उचलणार नाही असं कागदावर लिहून देतात, सही करतात. त्या सहीबद्दल त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार करायचा का? मला तुमचे करार तसेच वाटतात. ज्यांनी आग लावली तेच विझवायला येतात आणि पुरस्कार घेऊन जातात. 1973 चा पुरस्कार अमेरिकेच्या हेन्री किसिंजरला दिला. व्हिएतनामात लढाई चालूच होती. बरोबरचा मानकरी उत्तर व्हिएतनामचा ले डक थो. त्यानं तर घ्यायलाच नकार दिला, शांतता आलेलीच नाही म्हणून. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. 2019 मध्ये इथिओपियाच्या अबी अहमदना इरिट्रियाशी समेट केला म्हणून दिला. 2020 च्या नोव्हेंबरात टिग्रेचं युद्ध सुरू झालं आणि त्यात तेच पंतप्रधान होते.

मी : ही दोन्ही नावं मलाही तुझ्याइतकीच खटकतात. पण त्यात नेमकं काय खटकतं ते बघ. सही करताना या माणसांना आपल्या बाजूला काय गमवावं लागलं? किसिंजरला अमेरिकेत काय सोसावं लागलं? इरिट्रियाशी समेट केला तेव्हा अबी अहमद यांची लोकप्रियता वाढतच होती. मी त्यांच्या बाजूनं बोलतच नाहीये. मी 1998 च्या मानकऱ्यांपैकी जॉन ह्यूमच्या बाजूनं बोलतोय.

ह्यूमबद्दल इथे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझा सारा युक्तिवाद या एका माणसावर उभा आहे.

जॉन ह्यूम डेरी शहरातला. जन्म 1937 चा, घर गरीब, पेशाने शिक्षक. बँका गरीब कॅथलिकांना दारात उभे करत नसत, म्हणून 1960 मध्ये त्याने काही जणांबरोबर गावात पतपेढी काढली. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत आला आणि 1970 मध्ये एसडीएलपी हा पक्ष काढणाऱ्यांत तो एक होता. शस्त्राने आयर्लंड एक होणार नाही, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. 1973 च्या डिसेंबरात सनिंगडेल येथे एक करार झाला होता. दोन्ही समाजांनी मिळून राज्य करायचे आणि डब्लिनशीही एक दुवा ठेवायचा, असा त्याचा गाभा. ह्यूम त्या संयुक्त सरकारात मंत्री होता. 1974 च्या मे महिन्यात प्रॉटेस्टंट कामगारांनी 14 दिवस सारे ठप्प केले आणि ते सरकार कोसळले. झगडा थांबवणाऱ्या 1998 च्या करारातही तोच गाभा होता. म्हणजे 24 वर्षे मसुदा कमी-अधिक तयारच होता. त्याची किंमत द्यायला माणसे पुढे येत नव्हती.

1988 पासून ह्यूम गेरी अ‍ॅडम्सशी बोलू लागला. अ‍ॅडम्स हा शिन फेनचा अध्यक्ष, आणि शिन फेन म्हणजे आयआरएचा राजकीय चेहरा. 1993 च्या एप्रिलमध्ये या भेटी उघड झाल्या आणि ह्यूमवर वादळ कोसळले. बाँब ठेवणाऱ्यांना प्रतिष्ठा देतो असे लंडन म्हणू लागले, डब्लिनची वृत्तपत्रे आठवड्यामागून आठवडे त्याच्यावर तुटून पडली, स्वतःच्या पक्षातले सहकारी अस्वस्थ झाले. त्या सहकाऱ्यांची भीती खरी होती. अ‍ॅडम्सने बंदूक सोडली की कॅथलिक मते त्याच्याकडे वळतील आणि आपला पक्ष संपेल, हे साधे गणित होते. ह्यूमलाही ते कळत होते.

त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला शँकिल रोडवरच्या मासळीच्या दुकानात आयआरएचा बाँब फुटला. नऊ निरपराध माणसे आणि बाँब ठेवणाऱ्यांपैकी एक असे दहा जण मेले. त्या बाँब ठेवणाऱ्याच्या शवपेटीला अ‍ॅडम्सने खांदा दिला. आता तरी ह्यूमने बोलणी सोडावीत, असा ओरडा झाला. आठवड्याने, 30 ऑक्टोबरला, डेरीजवळच्या ग्रेस्टीलमधल्या पबमध्ये प्रॉटेस्टंट बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. आठ माणसे गेली. त्यातल्या एकाच्या अंत्यविधीला ह्यूम गेला, तेव्हा मृताची मुलगी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, काल रात्री आम्ही बाबांच्या शवपेटीभोवती बसून तुमच्या प्रयत्नांना यश यावे म्हणून प्रार्थना केली. ह्यूम तिथेच रडला. ते दृश्य कॅमेऱ्यांनी टिपलेले आहे. त्यानंतर तो आजारी पडून रुग्णालयात होता. बोलणी मात्र त्याने सोडली नाहीत. 15 डिसेंबरला ब्रिटिश आणि आयरिश पंतप्रधानांनी संयुक्त जाहीरनामा काढला आणि 31 ऑगस्ट 1994 ला आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. ती मध्यंतरी मोडली, 1997 मध्ये पुन्हा झाली, आणि 10 एप्रिल 1998 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला.

ताई : ह्यूमचा मी आदरच करते. त्याच्याबरोबर 1998 चा पुरस्कार मिळालेला प्रॉटेस्टंट पक्षनेता डेव्हिड ट्रिंबल, त्याचं काय? 1995 मध्ये ड्रमक्रीला कॅथलिक वस्तीतून मिरवणूक नेली, कडव्या प्रॉटेस्टंट नेत्याचा, इयन पेस्लीचा, हात हातात धरून. तिथल्या लोकांना तो दिवस किती लागला होता! आणि तीन वर्षांनी त्याला शांततेचा पुरस्कार?

मी : त्या मिरवणुकीमुळंच तो पक्षाचा नेता झाला, हे खरं. पण म्हणून त्याची सही महाग होती. करार झाला त्या शेवटच्या दिवशी त्याच्याच शिष्टमंडळातला जेफ्री डोनाल्डसन उठून बाहेर गेला. पक्षाच्या खासदारांपैकी बहुसंख्य कराराच्या विरोधात होते. आयआरएनं शस्त्रं टाकलेली नसताना तिच्या राजकीय साथीदारांबरोबर सरकारात बसायचं, हे प्रॉटेस्टंट मतदाराला पचणारं नव्हतं. ट्रिंबल पक्षाच्या परिषदेपुढं पुन्हा पुन्हा उभा राहिला, प्रत्येक वेळी थोडी माणसं गमावत. आता पुढचं बघ. 2001 च्या निवडणुकीत शिन फेननं ह्यूमच्या पक्षाला मागं टाकलं. 2003 मध्ये पेस्लीचा पक्ष ट्रिंबलच्या पक्षापुढं गेला. 2005 मध्ये ट्रिंबल स्वतःच्या मतदारसंघात हरला. 2007 मध्ये सरकारच्या खुर्च्यांवर बसले पेस्ली आणि शिन फेनचा मार्टिन मॅकगिनेस, म्हणजे ज्यांनी तडजोडीला सर्वांत उशिरा होकार दिला ते. ज्या दोघांना पुरस्कार मिळाला त्यांचे दोन्ही पक्ष त्या कराराखाली चिरडले गेले. माझा निकष हाच आहे. शत्रूपुढं धैर्य दाखवणारे पुष्कळ असतात. आपल्या माणसांचा रोष ओढवून घेऊन, आपलं घर मोडेल हे ठाऊक असून, जो शत्रूशी करार करतो, त्याचा हक्क पहिला.

ताई : मग अ‍ॅडम्सला का नाही? आयआरएला तिथवर त्यानंच आणलं.

मी : आणलं, आणि त्यात जिवाची जोखीम होती. पण करारानंतर त्याचा पक्ष वाढत गेला. किंमत मोजणाऱ्यांच्या रांगेत तो ह्यूमच्या मागं उभा राहतो. त्याला वगळलं ते मला योग्यच वाटतं.

हा निकष फक्त आयर्लंडपुरता आहे का, असे ताईने विचारले. मला तसे वाटत नाही. इजिप्तच्या अन्वर सादात यांना 1978 चा पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये त्यांना मारले ते इस्राएलने नव्हे, त्यांच्याच लष्करातल्या माणसांनी. इस्राएलच्या यित्झाक राबिन यांना 1994 चा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी 4 नोव्हेंबरला तेल अवीवमध्ये एका ज्यू तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. आणि या रांगेत सर्वांत पुढे जो माणूस उभा आहे, त्याला पुरस्कार मिळालाच नाही.

गांधीजींचे नाव ओस्लोला पहिल्यांदा गेले 1937 मध्ये, ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहत होते तेव्हा. पुढे 1938, 1939, 1947 आणि 1948 मध्येही गेले. एरवी चर्चा होते ती इंग्रजांविरुद्धच्या लढ्याची. पण शांततेच्या पुरस्काराचा त्यांचा खरा हक्क त्यांच्या शेवटच्या पाच-सहा महिन्यांवर आहे. ऑगस्ट 1947 मध्ये हिंदू-मुसलमान दंगल थांबावी म्हणून ते कलकत्त्यात बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये मुस्लिम लीगचे नेते सुऱ्हावर्दी यांना बरोबर घेऊन राहिले. संतापलेले हिंदू तरुण दारावर चालून आले. दंगल पुन्हा भडकली तेव्हा 1 सप्टेंबरला त्यांनी उपोषण सुरू केले आणि चौथ्या दिवशी शहर शांत झाले. 13 जानेवारी 1948 ला दिल्लीत पुन्हा उपोषण केले, दिल्लीतल्या मुसलमानांना निर्भयपणे राहता यावे म्हणून. ते चालू असतानाच पाकिस्तानचे 55 कोटी देण्याचा निर्णय सरकारने घेतला. हे सारे त्यांनी कोणाविरुद्ध केले? आपल्याच लोकांच्या रागाविरुद्ध. 30 जानेवारीला त्यांना मारणारा माणूस आपल्या पुण्यातून, एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाच्या खुर्चीवरून गेला होता. मराठी माणसाने हा विषय बोलताना हे वाक्य टाळू नये असे मला वाटते. त्या वर्षी योग्य असा जिवंत उमेदवार नाही असे सांगून समितीने पुरस्कार कोणालाच दिला नाही. 1947 मध्ये तो उमेदवार जिवंत होता, आणि समितीपुढे त्याचे नावही होते. ती संधी समितीने दवडली, आणि या पुरस्काराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

भारत सरकारच्या गांधी शांतता पुरस्काराने निदान एक दुवा जोडला. 1999 मध्ये तो बाबा आमट्यांना मिळाला आणि 2001 मध्ये जॉन ह्यूमला.

ताई : बघ, तुझ्या यादीत सगळे पुरुष आहेत. ज्यांच्याकडं पक्ष होता, गादी होती, निदान अनुयायी होते. गमवायला काही असेल तरच तुझ्या निकषात बसता येतं. ज्यांच्याकडं गमवायलाच काही नव्हतं त्यांनी काय करायचं? लायबेरियाचं बघ. 14 वर्षांच्या यादवीत अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. 2003 मध्ये लेमा ग्बोवी आणि तिच्या मैत्रिणींनी मोनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसायला सुरुवात केली. ख्रिस्ती आणि मुसलमान बायका, सगळ्यांच्या अंगात पांढरे कपडे. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज तिथून जायचा. उन्हात बसल्या, पावसात बसल्या. शेवटी त्यानं त्यांना भेटायला बोलावलं आणि वाटाघाटींना जायला तो तयार झाला. बोलणी घानाला सुरू झाली. तिथं हे लढणारे सरदार हॉटेलात राहायचे, मंत्रिपदं वाटून घ्यायचे, आणि इकडं मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत त्या बायका तिथल्या सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या. करार झाल्याशिवाय एकालाही बाहेर जाऊ देणार नाही म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा ग्बोवीनं अंगावरची वस्त्रं उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईनं असं करणं हा तिकडं मोठा शाप समजतात. पहारेकरी मागं सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे जनरल अबुबकर. त्यांनी बायकांची बाजू घेतली. 18 ऑगस्टला करार झाला.

मी : ग्बोवी माझ्या निकषात पूर्ण बसते. तिनं मुसलमान बायकांना बरोबर घेतलं, तेव्हा चर्चमधल्याच बायकांच्या मनातला संशय तिला काढावा लागला. आणि ज्या मुलांच्या हातात बंदुका होत्या, ती याच बायकांची मुलं होती. आपल्या घरातल्या बंदूकधाऱ्याला त्यांनी अडवलं. शिवाय 1976 च्या चळवळीला जे जमलं नाही ते यांना जमलं. रस्त्यावरची ताकद त्यांनी वाटाघाटीच्या दारापर्यंत नेली. करारानंतरही त्या घरी गेल्या नाहीत. शस्त्रं खाली ठेवून घ्यायला मदत केली, 2005 च्या निवडणुकीसाठी बायकांची नावं नोंदवत फिरल्या.

ताई : बेलफास्टच्या बायकाही दारात थांबल्या नव्हत्या, तेवढं लक्षात ठेव. 1996 मध्ये वाटाघाटींसाठी निवडणूक झाली तेव्हा तिथल्या बायकांनी काही आठवड्यांत विमेन्स कोअ‍ॅलिशन नावाचा पक्ष उभा केला. मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, पर्ल सेगर प्रॉटेस्टंट. एक टक्का मतं मिळाली आणि दोन जागा मिळाल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या की काही पुरुष सदस्य गाईसारखं हंबरायचे. तरी बळी पडलेल्यांचे हक्क, दोन्ही धर्मांच्या मुलांनी एका शाळेत शिकणं, बायकांचा सहभाग, हे विषय करारात आले ते त्यांच्यामुळं. ओस्लोच्या मंचावर त्या कुठं होत्या?

मी : नव्हत्या, आणि असायला हव्या होत्या. नियमानं एका वर्षी तिघांना पुरस्कार देता येतो. तिसरी जागा रिकामी होती.

एवढ्यावर मला वाटले होते की आम्ही जवळ आलो. पण ताईचा खरा मुद्दा पुढेच होता, आणि माझ्याच निकषातून निघालेला.

ताई : किंमत मोजणाऱ्याचा हक्क पहिला, असं तू म्हणालास. मी ते धरून चालते. मग ह्यूमनं काय मोजलं? पक्ष. ट्रिंबलनं काय मोजलं? मतदारसंघ. त्या करारात एक कलम होतं: शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांचे कैदी दोन वर्षांत सोडायचे. 400 हून अधिक माणसं सुटली. त्यात खुनी होते. ज्या बाईच्या नवऱ्याला दारात गोळी घातली, तिला तो माणूस बाजारात समोर दिसायला लागला. तिनं काय मोजलं? 22 मे 1998 च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या 71 टक्के मतदारांनी हो म्हटलं. त्या 71 टक्क्यांत अशी घरं होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी ओमा गावात कराराच्या विरोधकांनी बाँब फोडला, 29 माणसं गेली, आणि तरी लोक कराराला धरून राहिले. तू सांगितलेल्या ग्रेस्टीलच्या त्या मुलीचंच घे. वडिलांचा देह घरात असताना तिनं बंदूकवाल्यांशी बोलणी करणाऱ्या माणसासाठी प्रार्थना केली. तुझ्या निकषानं पुरस्कार तिचा आहे. ह्यूम तर तिच्यापुढं रडला!

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. ताई थांबली नाही.

ताई : कोलंबियाचंही तसंच. 2002 मध्ये बोजायाच्या चर्चमध्ये लोक जीव मुठीत धरून बसले होते. फार्क या बंडखोर संघटनेचा बाँब छपरातून आत पडला. कितीतरी मेले, त्यात मुलं पुष्कळ. 2016 मध्ये त्याच फार्कशी झालेल्या करारावर देशानं मत दिलं. देश अगदी थोडक्यानं नाही म्हणाला. बोजायात 100 पैकी 95 हून अधिक मतं होकाराची पडली. ज्यांनी सोसलं त्यांनी क्षमा केली. पाच दिवसांनी पुरस्कार जाहीर झाला तो एकट्या राष्ट्राध्यक्ष सांतोसना.

मी : आणि सांतोसनी पुरस्काराची रक्कम बळींच्या कुटुंबांसाठी देण्याची घोषणा बोजायात जाऊन केली. त्यांनाही कळलं होतं ते कुणाचं आहे.

ताई : कळलं होतं ना? मग समितीला का कळू नये?

मी : ताई, सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली, हे तुझं मला पटलं. पण त्या मुलीनं प्रार्थना केली ती ह्यूमच्या यशासाठी. तिच्या क्षमेला उपयोगी पडेल असं काहीतरी कुणीतरी उभं करायला हवं होतं. ते नसतं तर तिची प्रार्थना आणि बोजायाची मतं दुःखाच्या नोंदी म्हणून राहिली असती. बळी पडलेल्यांवर किंमत लादली जाते. बाप गेला तेव्हा त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं. ह्यूमला दर सकाळी मागं फिरायची मुभा होती. 1988 ते 1998, दहा वर्षं, आणि तो फिरला नाही. मी पुरस्कार देतो तो त्या न फिरण्याला.

ताई : आणि मी क्षमेला देते. तीही तिच्यावर कुणी लादली नव्हती. सूड मागायची मुभा तिलाही होती.

आमचा वाद इथवर आला आणि इथेच राहिला. ताईचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे, आणि तरी निकाल द्यायचा झाला तर मी तो जॉन ह्यूमच्या बाजूने देईन, एका अटीवर: त्याच्या शेजारी तिसऱ्या खुर्चीवर मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांचा पक्ष असावा. शांततेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार देताना पहिला प्रश्न विचारावा की या माणसाने आपल्या बाजूला काय गमावले; आणि दुसरा, ताईचा, की ज्यांनी सर्वाधिक सोसले त्यांनी याला होकार दिला आहे का. पहिल्या प्रश्नावर किसिंजर बाद होतात. दुसऱ्या प्रश्नावर सांतोस टिकतात. गांधीजी दोन्हींवर टिकतात.

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त ओस्लोतल्या पाच जणांना आहे, असे आपण धरून चालतो. तसे नाही. जगभरातल्या विद्यापीठांतले इतिहास, सामाजिक शास्त्रे, कायदा, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या विषयांचे प्राध्यापक, तसेच प्रत्येक देशाच्या संसदेचे सदस्य शांततेच्या नोबेलसाठी नाव सुचवू शकतात. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि गोव्याच्या विद्यापीठांत असे प्राध्यापक आहेत. आपले खासदार आहेत. नावे पाठवण्याची मुदत दरवर्षी 31 जानेवारीला संपते. ज्यांना हा अधिकार आहे त्यांनी तो वापरावा. आपल्या जातीच्या, धर्माच्या, देशाच्या लोकांचा रोष पत्करून समोरच्याशी बोलणारा एखादा माणूस किंवा बायकांचा एखादा गट तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याचे नाव पुढच्या 31 जानेवारीच्या आत ओस्लोला पाठवा.